सत्तर मोजेपर्यंत

सुभद्राबाई,

सोमवारी तुझी मयत कापसाच्या जिनाच्या चौकातून गेली तेव्हा मी मागे चालत होतो. वर्दी घातली नव्हती, डोक्याला नुसता रुमाल होता. चौकात आता बाळापूरकडचा एक नवा शिपाई असतो. त्यानं मयत पाहून कापसाच्या बंड्यांना हात केला. खांदेकरी गेले, माणसं गेली, आणि बाया अजून रस्त्यात असताना त्यानं हात खाली घेतला. पहिली बंडी हलली. तुझ्या जिनातल्या दोन म्हाताऱ्या अलीकडेच राहिल्या, त्यांच्याजवळ लंगडत येणारी तुझी शेजारीण कौतिका. मी मागे फिरलो आणि बैलांपुढे जाऊन उभा राहिलो. धुरकरी ओरडला, "ओ बुवा, मयतीमांगं मयत काहाडाची हाय का?" आपण अकोल्याच्या ठाण्यातल्या जमादाराशी बोलतो आहोत हे त्याला काय माहीत.

तिघी पलीकडे गेल्यावर मीच मला विचारलं, हे मी त्या म्हाताऱ्यांसाठी केलं की कौतिकानं पाहावं म्हणून केलं? तू असतीस तर हाच प्रश्न मोठ्यानं विचारला असतास. कुणी चांगलं वागलं की तू आधी डोळे बारीक करायचीस. मीही तसाच. आपली ओळख वाढली ती प्रेमानं नाही बाई, एकमेकांवर पाळत ठेवण्यातून वाढली.

ही मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. दिवाळी झाली आणि मला त्या चौकात उभं केलं. दगडी ओटा, हातात शिटी, डोक्यावर ऊन. अकोट, तेल्हाऱ्याकडून कापूस भरून आलेल्या बंड्या मोर्णेचा पूल ओलांडून बाजाराकडे जात आणि त्यांना आडव्या तुम्ही, जिनात सरकी-रुई वेगळी करायच्या कामाला जाणाऱ्या बाया. सकाळच्या भोंग्याआधी शेकड्यानं यायच्या. फौजदारांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बंडी उभी राहता कामा नये. व्यापाऱ्यांच्या तक्रारी आहेत. बायांचं काय, फट दिसली की जातील."

फट दिसली की तुम्ही जायच्याच. दोघी इथून, तिघी तिथून, लुगड्याचा ओचा आवळून बैलांच्या तोंडापुढून पळत. दर वेळी एक बंडी थबके, तिच्यामागची थबके. भरली बंडी एकदा थांबली की तिला हलवणं म्हणजे नव्यानं जुंपण्यासारखं. बैल मान खाली घालतात, धुरकरी तंबाखू मळायला घेतो, पुढची हलली तरी मागचा आपल्याच तंद्रीत. पहिल्या बंडीला हात दिल्यावर दहावी हलेपर्यंत माझा घसा बसायचा, आणि तेवढ्यात आणखी दोघी पळत मध्ये.

त्या सगळ्यांत तू पळत नव्हतीस. चाळिशीची, उंच, तुझ्या जिनातल्या बायांची मुकादमीण. तू रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहायचीस, आणि तुझ्या बाया, चांगल्या तीस-चाळीस, तुझ्यामागून सावकाश जायच्या. शेवटची पलीकडे पोचेपर्यंत तू हलत नव्हतीस. मी शिटी फुंकायचो, धुरकरी शिव्या द्यायचे, तू माझ्याकडे अशी पाहायचीस की जणू मीच तुझ्या घरात शिरलोय. येता-जाता बाकीच्या बाया चौकातल्या मारुतीला हात जोडायच्या. तू नाही. एकदा कारण विचारलं तर म्हणालीस, "आमी रिद्धपूरवाले." आणि पुढे गेलीस. त्या पंथाची माणसं बाकी देवांना हात जोडत नाहीत. मारुतीलाही न मानणारी बाई पोलिसाला काय मानणार, असं मी मनात म्हटलं.

त्याच सुमाराला चौकात एक कुजबुज होती. बंड्या रस्त्यात अडकल्या की एका दलालाची माणसं रांगेतच कापूस पाहायची, बाजारात उशिरा पोचाल म्हणून भीती घालायची आणि तिथंच सौदा उरकायची. म्हणजे बंड्या जितक्या अडकतील तितकं त्यांचं चांगलं. लोक म्हणायचे, चौकातला शिपाई त्यांच्यात सामील आहे. शिपाई म्हणजे मी. मी सामील नव्हतो. मग कोण? माझी नजर तुझ्यावर गेली. इतक्या लोकांसमोर, इतक्या हिमतीनं, रोज रस्त्यात उभं राहणारी बाई कुणाच्या जोरावर उभी राहते?

सुट्टीच्या दिवशी मी साधा सदरा घालून बाजारात तुझ्यामागून फिरलो. तू मिरच्या घेतल्यास, मीठ घेतलंस, आणि तेलाच्या घाण्यामागे जाऊन एका माणसाशी बोलत उभी राहिलीस. तो त्या दलालाचाच माणूस होता, रोज रांगेत दिसायचा. मला वाटलं, सापडली. दुसऱ्या दिवशी फौजदारांच्या कानावर तुझं नाव घातलं. त्यांनी जिनाच्या मॅनेजरला सांगितलं, आणि तुला आठ दिवस घरी बसवलं.

तू परत आलीस त्या सकाळी सरळ माझ्या ओट्याशी आलीस.

"थो माहा देर हाय," म्हणालीस. "माह्या नवऱ्याचा सख्खा भाऊ. सासू आजारी हाय म्हून सांगाले आला होता. तुले काय वाटलं?"

मी म्हणालो, "कोण? कशाचं काय?"

"बाजारात माह्या मांगं मांगं फिरून राह्यला होता न तू? सदरा बदलला तरी चाल पोलिसाचीच हाय."

माझे कान तापले. पण पोलिसाला कबुली द्यायची सवय नसते, घ्यायची असते. मी म्हणालो, "मंग रोज बंड्या कावून अडवतं?"

"मी अडवतो?" तू हसलीस. तुझं ते हसू मला कधीच आवडलं नाही. "तू अडवतं, बाप्पा. दिवसभर अडवतं. दोघी जाऊ देतं, बंडी सोडतं. मंग आनखी तिघी. एक डाव थांबव न चांगलं, साऱ्या जाऊ दे, मंग कोनी बंडीच्या आडवं येत नाई. मीच येऊ देत नाई."

"तुह्यं कोन आयकते?"

"तुह्यं कोन आयकते?" तू तेच मला परत दिलंस.

मला यातही डाव दिसला. पण रोजची बोंब मलाही नको झाली होती. विचारलं, किती वेळ थांबवू? तुला घड्याळ नव्हतं आणि मलाही. तू विसांवर मोजायचीस. "पाच ईसा," म्हणालीस.

"शंभर? फौजदार माही कातडी सोलंन."

"मंग चार ईसा."

"दोन."

"दोन ईसात तं आमची कौतिका नुसती लुगडं सावरते."

तुझ्यामागच्या बाया हसल्या, सर्वांत जास्त कौतिकाच. तेव्हा विशीची होती, नुकती लग्न होऊन आलेली, तुझ्या शेजारच्याच खोलीत राहणारी. शेवटी तीन ईसा दहावर तुटलं. सत्तर. बाया रस्त्याच्या कडेला गोळा व्हायच्या, मी हात वर करायचा, सत्तर मोजायचे, आणि हात खाली आला की पुढचा गठ्ठा जमेपर्यंत एकीनंही पाय टाकायचा नाही.

तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून मी पडताळा घेतला. चार दिवस तुझ्या पद्धतीनं, चार दिवस माझ्या. भोंगा झाला की पुलाकडे चालत जाऊन पाहायचं, रांगेचं शेपूट कुठं आहे. माझ्या पद्धतीच्या दिवसांत शेपूट पुलावर. तुझ्या पद्धतीच्या दिवसांत तेलाच्या घाण्याशी, म्हणजे निम्म्याहून कमी. मी बंड्यांना जास्त वेळ थांबवत होतो आणि बंड्या लवकर पोचत होत्या. हे मला उमजायला दोन दिवस लागले. मोजताना मीच चुकलो असेन, की तू धुरकऱ्यांना फितवलं असशील, असं सगळं मनात येऊन गेलं. मग एक दिवस मुद्दाम शंभरावर गेलो. बाया कधीच्या पलीकडे गेल्या होत्या, रस्ता रिकामा, आणि मी हात वर करून उभा. मागच्या धुरकऱ्यांनी बैल गल्लीत घातले, टांगेवाले अडकले, सगळी गुंतागुंत. तू पलीकडून पाहत होतीस. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, "माह्यं खोटं पाडाले गेल्ता न? जास्त बी वाईटच हाय. मी कोठी नाई म्हनलं?"

दलालाची माणसं महिन्याभरात रांगेतून दिसेनाशी झाली. फौजदारांनी मला शाबासकी दिली. मी तुझं नाव घेतलं नाही. चुगली करायला घेतलं होतं, तेव्हा जीभ अडली नव्हती.

तुझा माझा एक वाद मात्र मिटला नाही. मी म्हणायचो, साठ पुरेत. बहुतेक बाया साठात जातात, दोन-चार म्हाताऱ्या मागे राहतात, तेवढ्यासाठी पुलापर्यंतची माणसं आणि जनावरं कावून थांबवायची? तू म्हणायचीस, "मंग थ्या दोन-चार कोनाच्या हिशेबात धराच्या?" मी म्हणायचो, त्यांना दुसऱ्या गठ्ठ्यात येऊ दे. तू म्हणायचीस, "दुसऱ्या गठ्ठ्यातबी थ्या मांगंच राह्यतीन." सरकारी माणूस उत्तर नसलं की हुकूम दाखवतो, तसा मी फौजदारांचा हुकूम दाखवायचो.

आता पुढचं. हे लिहिताना तीनदा कागद बाजूला ठेवला.

त्याच हंगामात, संक्रांत होऊन गेल्यावर, तुला माझा नवा संशय आला. "अकोटवाल्याईच्या बंड्या तुह्या हातून लवकर सुटतात, तुयशीराम," असं तू एकदा सहज बोलल्यासारखं बोललीस. माझं गाव अकोटच्या वाटेवर. तोवर मी तसं काही केलं नव्हतं, शपथेवर सांगतो. पण तू म्हणालीस आणि मला राग आला. आपल्यावर खोटा आळ आला की माणसाला एक विचित्र मोकळीक मिळते. म्हटलं, आळ आलाच आहे तर...

माझा मोठा भाऊ आम्हा सगळ्यांसाठी वडिलांच्या जागी. त्यानं शेतात राबून मला सातवी करवली, म्हणून ही नोकरी. त्या सकाळी त्याची बंडी रांगेत पहिली होती. मी हात वर केलेला, बाया चाललेल्या. भाऊ बंडीवर उभा राहून मागच्या धुरकऱ्याला ओरडून सांगत होता, "पाह्य, थो माहा तुयशीराम. चौकाचा राजा हाय." मग मला म्हणाला, "कावून बे, आमालेबी थांबवतं?" मागचे हसले.

मी पन्नासवर होतो. एक्कावन्न, बावन्न. हात खाली घेतला.

तू त्या दिवशी पुढे होतीस. म्हातारी गिरजा पडू नये म्हणून तिला धरून चालली होतीस, पाठ माझ्याकडे. कौतिका शेवटी होती. पायात काटा मोडलेला, लंगडत होती. हात खाली आलेला तिनं पाहिला नाही, कारण तुझ्या सत्तरावर तिचा भरवसा होता. भावानं बैलांना पराणी लावली. कौतिका ओरडली तेव्हा त्यानं कासरा ओढला, पण भरली बंडी अशी थांबत नाही. चाक तिच्या उजव्या पायाच्या बोटांवरून गेलं.

धुरळा होता, आरडाओरडा होता. पुढं मी जे केलं ते हात खाली घेण्याहून वाईट. मी भावाच्या बैलांना स्वतः थाप मारली. "निघ," म्हणालो. "निघ, मांगं पाहू नोको." तो गेला. बाकीच्या बंड्यांना मी अडवलं, माणसं गोळा झाली, आणि तू धावत परत आलीस तोवर ती बंडी बाजाराच्या गर्दीत मिसळलेली. ठाण्याच्या रोजनाम्यात मी माझ्या हातानं लिहिलं, बाई स्वतःच्या गफलतीने चाकाखाली आली, बंडी अज्ञात.

दवाखान्यात तीन बोटं काढली. संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर तू मला विचारलंस, "थे बंडी कोनाची होती?"

"मले काय ठाऊक. धुरळा होता."

"किती मोजले होते?"

"सत्तर."

तू माझ्याकडे पाहत राहिलीस. डोळे बारीक केले नाहीस, हसलीही नाहीस. तुझा मुलगा खोटं बोलला असता तर तू असंच पाहिलं असतंस, असं मला वाटलं. मला वाटलं ते खरं असेलच असं नाही. तुला मुलगा नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून तू मोठ्यानं मोजायला लागलीस. मी हात वर केला की तू रस्त्याच्या मधोमध, माझ्याकडे तोंड करून, एक, दोन, तीन. विसाला एक बोट मिटायचीस. हंगाम संपेपर्यंत रोज. त्यात तू मला काय सांगत होतीस, हे मी तेव्हापासून शोधतो आहे. तुला माहीत होतं? की पुन्हा असं होऊ नये एवढंच? तू गिरजाला धरून होतीस, तुझी पाठ होती, तू पाहिलं असणं शक्य नव्हतं. पण बाजारातल्या माझ्या पाठलागाच्या वेळीही तुझी पाठच होती.

होळीनंतर माझी बदली अमरावतीला झाली. माझी खात्री होती, अर्ज तू केलास. तिथं जाणाऱ्या गाडीत बसल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं आणि तुझा रागही आला. अमरावतीला एका चौकात शाळेच्या मुली आणि संत्र्यांच्या बंड्या यांचा असाच गोंधळ होता. मी तिथं तुझी रीत लावली. आधी गठ्ठा जमू द्यायचा, मग एकदाच थांबवायचं, मोजून. वरचे साहेब पाहायला आले. ही युक्ती कुणाची, विचारलं. मी म्हणालो, माझीच. त्यावर पुढं मी जमादार झालो. तेव्हा मी सत्तर नाही, ऐंशी मोजत होतो. वाद मी हरलो होतो. तुला कळवलं मात्र नाही.

मागल्या वर्षी अकोल्याला परत आलो. आल्यावर चार महिने तुझ्या घराकडे फिरकलो नाही. कुणीतरी सांगितलं, सुभद्राबाईच्या छातीत कापसाची रुई बसलीय, कामावर जात नाही. मग आलो. तू दारात बसली होतीस, अर्धी झालेली. दोन शब्दांमध्ये खोकत होतीस. मला पाहून उठायला गेलीस.

"बस, बस," मी म्हणालो.

"जमादार झाला म्हनतात."

"हो."

"आता हात कोन वर करते तिथी?"

"नवा हाय एक."

"किती मोजते?"

मला माहीत नव्हतं. तू शेजारणीला हाक मारून चहा करवलास. साखर जास्त होती. आपण पिकाचं बोललो, लढाईत रॉकेल मिळत नाही ते बोललो. कौतिका आता बसून सरकी निवडते, यंत्रावर उभं राहता येत नाही, हेही तू सांगितलंस, अगदी हवापाण्यासारखं. मी माफी मागेन असं ठरवून आलो होतो. तुझ्या त्या आठ दिवसांची तरी. ती माफी लहान होती, तिच्यापासून सुरुवात करता आली असती.

आणि मग तू म्हणालीस, "तुहा भाऊ बरा हाय न?"

कप माझ्या हातात तसाच राहिला. मला भाऊ आहे हे मी तुला कधी सांगितलं होतं? आठ-नऊ वर्षांपूर्वीच्या त्या हंगामातलं सगळं बोलणं मी तिथं बसल्या बसल्या चाचपून पाहिलं. नव्हतं सांगितलं. किंवा सांगितलं असेल. शेतकऱ्याच्या घरी भाऊ असतोच, तू नुसतं सहज विचारलं असशील. मी म्हणालो, "बरा हाय." चहा संपवला आणि उठलो. त्यानंतर आलो नाही. खोकला वाढल्याचं कळलं तरी आलो नाही. एका प्रश्नाला घाबरून मी तुला शेवटचं पाहायचं टाळलं. एवढा मोठा जमादार.

सोमवारी तुला पोचवून आल्यावर दोन दिवस मी नुसता कामात होतो. बुधवारी दुपारी कौतिकाकडे गेलो. तिच्यापुढे सुपात सरकी होती. तिनं मला बसायला पोतं दिलं, आणि मी सांगितलं. भाऊ, बावन्न, बैलांवरची थाप, रोजनामा. तिनं हात थांबवला नाही. खराब सरकी एकीकडे, चांगली एकीकडे.

सगळं झाल्यावर म्हणाली, "मंग आता कावून सांगून राह्यले? बाई गेली म्हून? आता कोनी इचारनारं नाई राह्यलं म्हून?"

मला स्वतःलाच तीच शंका होती.

"बाईले ठाऊक होतं का?" मी विचारलं.

"संशय होता."

"मंग बोलली कावून नाई? फौजदारापाशी गेली असती. मॅनेजरले सांगितलं असतं."

"मी म्हनलं होतं तिले," कौतिका म्हणाली. "लय भांडली मी. म्हने, मी पाह्यलं नाई. पाह्यल्याबिगर कोनाचं नाव घ्याचं नाई."

बाई, मी पोलिसात इतकी वर्षं काढली. किती जणांनी मला किती बोल लावले. या एका वाक्यानं मला जमिनीत घातलं. मी घाण्यामागं एका माणसाशी बोलताना तुला पाहिलं आणि तुझं नाव घेऊन मोकळा झालो. तू एका बाईची तीन बोटं गेलेली पाहिलीस, माझा चेहरा पाहिलास, रोज माझ्यासमोर उभं राहून मोजलंस, आणि नाव घेतलं नाहीस. माझी बदलीही मग तू केली नसशील. इतकी वर्षं तोही आळ मी तुझ्यावर ठेवून होतो. जिथं जिथं तुझ्यावर संशय घेतला तिथं तिथं मी चुकलो, आणि तू माझ्यावर घेतलास तो खरा निघाला. तरी न्यायानं तूच वागलीस. याबद्दल तुझे उपकार मानू की तुझ्यावर रागावू, कळत नाही. तू नाव घेतलं असतंस तर मला लपवत बसावं लागलं नसतं. असा विचार येतो आणि लगेच त्याचीही लाज वाटते.

मी कौतिकाला म्हणालो, "मी लिहून देतो. ठाण्यात देतो."

"द्या. पन मले एकटीले सांगून जाऊ नोका. चौकात बायाईपुढं सांगा. साऱ्याईले वाटते मी माह्या गफलतीनं पडली. माह्या सासूलेबी वाटत होतं. मरेपरेंत बोलली थे मले."

गुरुवारी ठाण्यात लिहून दिलं. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "तुळशीराम, जुनं मढं कशाला उकरतोस?" आणि कागद खणात ठेवला. तो तिथून बाहेर येईल असं मला वाटत नाही. येवो न येवो, मी त्याची नक्कल ठेवली आहे. भावालाही निरोप धाडला आहे. तो येईल की नाही, ठाऊक नाही.

आज सकाळी चौकात गेलो, वर्दीत. नव्या शिपायाला सांगितलं, आज जरा वेळ दे. बाया कडेला जमल्या होत्या, तुझ्या वेळच्या थोड्या, बाकी नव्या. ओट्यावर चढलो नाही. त्यांच्यात जाऊन उभा राहिलो आणि बोलायला लागलो. माझा आवाज एवढ्या वर्षांत चौकात कधी कमी पडला नव्हता, आज कमी पडला. कुणीतरी विचारलं, "काय म्हनते जमादार?" दुसरी म्हणाली, "कौतिकाच्या पायाचं काही हाय." एक म्हातारी मला नीट निरखून पाहत होती, तिचा विश्वास बसत नव्हता हे दिसत होतं. मी भावाचं नाव घेतलं, गावाचं घेतलं, माझं घेतलं. बैलांना थाप मारल्याचं सांगत होतो तेवढ्यात भोंगा झाला. त्या आवाजात माझे ओठ हलताना त्यांना दिसले असतील, बस. शिपायानं हात वर केला आणि बाया निघाल्या, कारण उशीर झाला की दाराशी उभं राहावं लागतं.

कौतिका सगळ्यांत मागे होती. माझ्याजवळून जाताना थांबली.

"अर्धंच झालं," म्हणाली. "उद्या लवकर येजा."